कुत्र्यासाठी जमिनीखालचं कुंपण: वायर टाकण्यापासून शेवटचा झेंडा काढेपर्यंत

अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलं की अंगण मिळतं, कुंपण मिळेलच असं नाही. अनेक वसाहतींत घरमालकांची संघटना, म्हणजे एचओए, घरासमोर कुंपण उभारूच देत नाही. मागच्या बाजूला परवानगी मिळाली तरी अर्ध्या एकराला लाकडी कुंपण घालायचं तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. घरात दीड वर्षाचा लॅब असतो, रस्त्यापलीकडच्या झाडावर खार असते. मग कोणीतरी सुचवतं, ‘ते वायरवालं कुंपण घाला, एका शनिवारात होतं.’

वायर खरंच एका शनिवारात होते. कुत्र्याला मात्र किमान चौदा दिवस लागतात, आणि हे कुंपण फसतं ते बहुतेक त्या चौदा दिवसांत घाई केल्यामुळे. म्हणून या लेखात वायरीइतकीच जागा शिकवण्याला दिली आहे.

आधी यंत्र समजून घ्या

ही कल्पना अमेरिकेतलीच. रिचर्ड पेक यांना तिचं पेटंट १९७३ साली मिळालं आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. घरात भिंतीवर एक ट्रान्समीटर असतो. त्यातून निघालेली वायर अंगणाला पूर्ण वळसा घालून परत त्याच ट्रान्समीटरमध्ये येते. या लूपमधून फार कमी शक्तीचा रेडिओ सिग्नल सतत फिरत असतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या कॉलरमध्ये रिसीव्हर असतो. कुत्रा वायरीच्या ठरावीक अंतरात आला की कॉलर आधी बीप वाजवते. तो तिथेच थांबला किंवा पुढे गेला, तर कॉलरच्या दोन धातूच्या टोकांमधून मानेला झटका देते. विकणारे याला ‘स्टॅटिक करेक्शन’ म्हणतात. शब्द सौम्य आहे, पण तो झटकाच आहे हे मनाशी स्पष्ट असू द्या.

झटका वायरीतून येत नाही. तो कॉलरमधल्या बॅटरीतून येतो. वायरीला हात लावला, मुलं तिच्यावर खेळली, पावसात भिजली, तरी काही होत नाही. आपल्याकडे शेताला रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तिथे तार स्वतः झटका देते आणि येईल त्या प्रत्येक जनावराला देते. इथे ज्याच्या गळ्यात कॉलर आहे त्यालाच सीमा कळते. बाहेरचा कुत्रा, कायोटी (तिकडचा लांडग्यासारखा रानटी प्राणी) किंवा अनोळखी माणूस आत येऊ शकतो. हे कुंपण फक्त आतून बाहेर जाणाऱ्यासाठी आहे, आणि तेही तुमच्या एकट्या कुत्र्यासाठी.

बाजारात याचे आणखी दोन भाऊ आहेत. एक बिनवायरीचा: ट्रान्समीटर घरात ठेवला की त्याच्याभोवती गोल क्षेत्र तयार होतं, त्रिज्या साधारण ९० फुटांपर्यंत. अंगण चौकोनी आणि क्षेत्र गोल, शिवाय धातूचं छप्पर, गाडी, उतार यांनी ते वेडंवाकडं होतं. भाड्याच्या घरात ठीक. दुसरा जीपीएस कॉलरवाला: सीमा फोनवर आखायची, खोदकाम नाही. पण जीपीएसचा बिंदू काही मीटर इकडेतिकडे सरकतो, झाडाखाली आणि घराजवळ जास्तच. पाच एकरांच्या जागेत तो फरक कळत नाही, पाव एकरात मात्र कुत्रा स्वयंपाकघराच्या दारात उभा असताना कॉलर बीप देते. लहान, नक्की आखलेल्या अंगणाला अजून जमिनीतली वायरच बरी. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

तुमचा कुत्रा यासाठी आहे का

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ही कॉलर घालू नका. घाबरट कुत्रा, माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर आधीच धावून जाणारा कुत्रा, हृदयविकार असलेला किंवा आजारी कुत्रा, गाभण कुत्री यांनाही नको. पशुवैद्याला विचारा, पण वर्तनाच्या बाबतीत अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेची (एव्हीएसएबी) २०२१ ची भूमिका सरळ आहे: कुत्र्याला शिकवताना बक्षिसावर आधारलेल्या पद्धती वापरा, इलेक्ट्रॉनिक कॉलरसारखी वेदना देणारी साधनं वापरू नका. वेल्सने तर २०१० पासून कुत्र्या-मांजरांवर अशा कॉलर वापरण्यावर बंदी घातली आहे. तुम्ही वेल्समध्ये राहत असाल तर हा लेख इथेच संपला.

हे वाचूनही हाच मार्ग धरायचा असेल, तर निदान असा धरा की कुत्र्याने आयुष्यात झटका मोजके वेळा खावा आणि पुढे बीपवरच काम व्हावं. नीट शिकवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तसंच होतं.

हस्की, बीगल, ग्रेहाउंड, टेरियर अशा पाठलागाच्या जातींबद्दल वेगळं सांगायला हवं. हरणामागे सुटलेला हस्की झटका खाऊनही पुढे जातो, कारण तो झटक्याचं क्षेत्र दोन सेकंदांत पार करतो. आणि पुढचा भाग विक्रेते क्वचितच सांगतात: हरीण निघून गेल्यावर कुत्रा शांत होतो, घरी यायला निघतो, सीमेशी येतो आणि बीप ऐकून थांबतो. आता त्याला आत यायलाही झटका आहे. बाहेर जाताना अंगात जोर होता, परत येताना तो उरलेला नसतो. असा कुत्रा आपल्याच घरासमोर रस्त्यावर अडकून राहतो.

मोजमाप आणि सामान

अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. जागा चौरस धरली तर एक बाजू सुमारे १४८ फूट आणि परीघ सुमारे ५९० फूट. पाव एकराला सुमारे ४२० फूट, एक एकराला सुमारे ८३५. तुमची जागा चौरस नसणारच, लांबट जागेला परीघ वाढतो.

त्यात घरापासून सीमेपर्यंतची पिळाची वायर (एकमेकांवर पिळलेले दोन पदर, जिथे कॉलर वाजत नाही) मिळवा. ट्रान्समीटरपासून लूपपर्यंत ४० फूट अंतर असेल तर दोन पदर लागतात, म्हणजे ८० फूट, आणि पीळ दिल्यावर लांबी आखडते म्हणून ९० धरा. फुलांचे वाफे आणि झाडं यांना वळसे, कोपऱ्यांची गोलाई यासाठी वर दहा टक्के. अर्ध्या एकराला असं करून ७४० फुटांच्या आसपास जातं. पेटीत बहुतेक वेळा ५०० फूट वायर आणि ५० झेंडे (कुत्र्याला सीमा दिसावी म्हणून जमिनीत खोचायच्या खुणा) येतात. म्हणजे ५०० फुटांचं एक रीळ आणि झेंड्यांचं एक पाकीट वेगळं घ्यावं लागणार, ते आधीच आणून ठेवा. शनिवारी दुपारी चार वाजता वायर संपली की माणूस कोपरे कापायला लागतो.

पेटीतली वायर अनेकदा २० गेजची, केसासारखी बारीक असते. गेजचा आकडा जितका कमी तितकी वायर जाड. १६ किंवा १४ गेजची, एकाच तारेची, थेट जमिनीत पुरण्यासाठी बनवलेल्या जाड आवरणाची वायर घ्या. पैसे जास्त पडतात, पण तुटलेली जागा शोधत गवतात गुडघ्यावर फिरण्यापेक्षा स्वस्त. सगळा लूप एकाच गेजचा ठेवा.

याशिवाय: जेल भरलेल्या जलरोधक जोडटोप्या (किमान सहा), वायर सोलायचा चिमटा, सपाट फावडं किंवा भाड्याचा एजर (गवतात चीर पाडायचं यंत्र), गवताला दाबायचे यू आकाराचे खिळे, सिमेंटमध्ये भरायला बाहेर वापरायचं सीलंट, आणि ट्रान्समीटरसाठी वीज पडण्यापासून बचाव करणारा सर्ज प्रोटेक्टर. हा शेवटचा खर्च लोक वाचवतात. जमिनीत पसरलेली सहाशे फूट तार पावसाळी वादळात काय काय ओढून आणते ते पहिल्या उन्हाळ्यातच कळतं.

खणण्याआधी ८११

अमेरिकेत कुठेही खणायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करायचा. गॅस, वीज, केबलच्या लाइन कुठून जातात ते खुणा करून देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. दोन इंच खणायला कशाला फोन, असं वाटतं. पण फोन केबल काही ठिकाणी तितकीच वर असते, आणि दुसरं कारण याच कामाचं आहे: तुमची वायर त्या लाइनला समांतर गेली तर सिग्नल तिच्यावर चढतो आणि भलत्याच ठिकाणी कॉलर वाजते. समांतर जायचंच तर १० फूट अंतर ठेवा. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. शेजाऱ्याचं असंच कुंपण असेल तरी हाच नियम, शिवाय त्याचा सिग्नल तुमच्या कॉलरला लागत नाही ना हे आधी तपासा.

आखणी

कागदावर घर, ड्राइव्हवे, झाडं काढा आणि लूप आखा. हद्दीपासून किमान ५ फूट आत या, रस्त्याकडे आणि साइडवॉककडे (म्हणजे फुटपाथकडे) १० ते १५. कारण साधं आहे. कुत्रा भुंकत साइडवॉककडे धावतो, तिथून कोणी चाललेलं असतं, त्याच क्षणी झटका बसतो. दोन-चार वेळा असं झालं की कुत्र्याच्या मनात हिशेब होतो: ‘हा माणूस आला की मानेला दुखतं.’ गोड स्वभावाचा गोल्डन रिट्रीव्हर येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरायला लागतो तो असा. पत्रवाला, पार्सलवाला ज्या वाटेने दारापर्यंत येतात ती वाट शक्य असेल तर लूपच्या बाहेर ठेवा. समोरचं अंगण सोडून फक्त मागचं घेता येत असेल, तर अर्धे प्रश्न सुटतात.

वायरीच्या दोन्ही बाजूंना सिग्नल पसरतो. ट्रान्समीटरवरच्या खिट्टीने त्याची रुंदी ठरते, साधारण ६ ते १० फूट ठेवतात. घर आणि सीमा यांच्यातली बाजूची गल्ली १२ फूट असेल आणि क्षेत्र ६ फूट, तर कुत्र्याला जायला ६ फूट उरले. क्षेत्र १० फूट केलं तर २ उरले, म्हणजे ती वाट बंदच झाली. सिग्नल भिंतीतून आत शिरतो हेही विसरू नका. भिंतीला लागून वायर गेली तर आतल्या खोलीत गादीवर झोपलेल्या कुत्र्याला बीप ऐकू येतो.

कोपरे कधीही काटकोनात वळवू नका. टोकदार कोपऱ्यात सिग्नल पातळ होतो आणि कुत्र्याला ती फट सापडतेच. किमान ३ फूट त्रिज्येची गोलाई द्या.

फक्त तीन बाजूंना सीमा हवी असेल तरी लूप पूर्ण लागतो. वायर गेलेल्या वाटेनेच परत आणायची, पण जाणाऱ्या आणि येणाऱ्या वायरीत किमान ५ फूट अंतर ठेवून. जवळ आणल्या तर दोघींचे सिग्नल एकमेकांना मारतात.

आणि नेमकं हेच तत्त्व पिळाच्या वायरीत आपण मुद्दाम वापरतो. घरापासून सीमेपर्यंत कुत्र्याला ये-जा करायची असते, तिथे सिग्नल नको असतो. म्हणून दोन्ही पदर एकमेकांवर पिळायचे, दर फुटाला १० ते १२ पीळ. हाताने पिळत बसू नका. दोन्ही पदरांची एक बाजू खांबाला बांधा, दुसरी ड्रिलच्या तोंडात अडकवा आणि ताण ठेवून हळूहळू फिरवा. पीळ सैल राहिला तर त्या पट्ट्यात कॉलर मधूनमधून वाजते. कुत्र्याच्या दृष्टीने हे सगळ्यात वाईट, कारण तिथे झेंडा नाही आणि शिक्षा आहे.

पुरण्याआधी वर अंथरून पाहा

सगळी वायर आधी गवतावर अंथरा, दोन्ही टोकं ट्रान्समीटरला जोडा, दिवा हिरवा येतो का पाहा. मग पेटीत येणारा छोटा निऑन टेस्टर कॉलरच्या टोकांना लावा आणि कॉलर कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून सीमेकडे चाला. कमरेच्या उंचीवर धरून तपासली तर आकडा चुकतो. बीप कुठे लागतो, दिवा कुठे लागतो, दोन्ही जागी खुणा करा. प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी आणि प्रत्येक कोपऱ्यात. मग घरात फिरून पाहा: सोफा, जिना, टीव्हीची भिंत. केबल टीव्हीच्या तारेवर सिग्नल चढला असेल तर तो इथेच पकडला जातो. स्वतःच्या हाताला झटका घेऊन पाहायची हौस असेल तर घ्या, पण तपासणी टेस्टरनेच करा.

जमलं की पुरा. एजरने १ ते ३ इंच खोल चीर पाडा, वायर लाकडी पट्टीने आत सरकवा (स्क्रूड्रायव्हरने नाही, आवरण कापतं), पायाने चीर बंद करा. वायर ताणून बसवू नका. हिवाळ्यात जमीन गोठून उचलली जाते तेव्हा ताणलेली वायर जोडापाशी तुटते. दर १०० फुटांवर हाताच्या वितीएवढी ढील सोडा.

ड्राइव्हवे सिमेंटचा असेल तर त्यातला जोड, म्हणजे दोन पाट्यांमधली फट, हीच वायरीची वाट. ती साफ करा, वायर घाला, सीलंट भरा. डांबरी असेल तर दगड कापायचं पातं लावलेल्या सर्क्युलर करवतीने अर्धा ते एक इंच खोल चर कापावी लागते. खडीचा असेल तर ३ इंच खाली, शक्य तर जुन्या पाइपातून.

जोड देताना अर्धा इंच आवरण सोला, तारा एकत्र पिळून जेलच्या टोपीत घाला. त्याआधी जोडापासून तीन-चार इंचांवर दोन्ही वायरींची साधी गाठ मारा, म्हणजे ओढ गाठीवर येते, जोडावर येत नाही. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड एक-दोन हिवाळे टिकतो, मग आत पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

ट्रान्समीटर घराच्या आत, कोरड्या जागी, जिथे तापमान गोठणबिंदूखाली जात नाही तिथे लावा. गॅरेज गरम नसेल तर नको.

शेवटी झेंडे. टेस्टरने जिथे बीप सुरू झाला त्या रेषेवर, वायरीवर नव्हे, दर ८ ते १० फुटांवर एक झेंडा.

कॉलर घालणं

रिसीव्हर हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या भागात. दोन्ही टोकं त्वचेला लागली पाहिजेत, केसांना नाही. दाट केसांच्या कुत्र्याला लांब टोकं लावा किंवा तिथले केस कमी करा. टोक आणि मान यांच्यात एक बोट जेमतेम जाईल इतकं घट्ट. सैल कॉलर हलते, त्वचा घासते आणि झटका लागतो किंवा लागत नाही. अशा अनिश्चिततेत कुत्रा काहीच शिकत नाही.

दिवसात १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. दर एक-दोन तासांनी थोडी सरकवा. रात्री काढाच. एकाच जागी दाब राहिला की दोन गोल जखमा होतात. लोक त्यांना विजेचा चटका समजतात, पण असतात त्या दाबाने झालेल्या. आठवड्यातून एकदा मान ओल्या फडक्याने पुसा, कॉलरची टोकंही पुसा. लाली दिसली तर कॉलर बंद, बरी होईपर्यंत. आणि या कॉलरला फिरवायचा पट्टा कधीच अडकवू नका, ओढ लागली की टोकं मानेत रुततात. पट्टा वेगळ्या साध्या कॉलरला किंवा हार्नेसला.

चौदा दिवस

रोज दोन ते तीन वेळा, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. त्याहून जास्त नाही. खिशात उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. शिकवण्याच्या आदल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी एक नियम पाळायचा: सीमेबाहेर उभं राहून कुत्र्याला कोणीही हाक मारायची नाही. मुलांना हे दोनदा सांगा.

*पहिले चार दिवस: फक्त बीप.* झटका बंद करा. तशी सोय नसेल तर टोकांना पेटीतल्या रबरी टोप्या लावा. १५ फुटांचा पट्टा घेऊन झेंड्यांकडे सहज चाला. बीप वाजला की झेंडा हाताने हलवा, ठरलेला एकच शब्द म्हणा (‘मागे’ चालेल, पण सगळ्यांनी तोच), वळा आणि घराकडे दुडक्या चालीने निघा. कुत्रा आत आला की लगेच तुकडा आणि भरपूर कौतुक. एका वेळी तीन-चार झेंडे. दुसऱ्या दिवशी वेगळी बाजू, नाहीतर कुत्रा ‘मागच्या ओक झाडापाशी जायचं नाही’ एवढंच शिकतो.

चौथ्या दिवसापर्यंत एक बदल दिसायला हवा, तो डोळ्यात तेल घालून पाहा. झेंडा जवळ आला की कान मागे जातात, एक पुढचा पंजा अधांतरी थांबतो, आणि तो तुमच्याकडे बघतो. बीपच्या आधी. तो असं बघायला लागला म्हणजे झेंड्याचा अर्थ त्याला लागला. हे दिसलं नाही तर पाचवा दिवस पहिल्या टप्प्याचाच. कॅलेंडरकडे नाही, पंजाकडे पाहा.

*पाच ते आठ: झटका, सगळ्यात खालच्या पातळीवर.* टोप्या काढा, पातळी १. पट्टा सैल ठेवून कुत्र्याला स्वतः ठरवू द्या. त्याला सीमेत ढकलायचं नाही, ओढून न्यायचं नाही, तुकडा टाकून भुलवायचं तर मुळीच नाही. तो गेला आणि दोन सेकंदांत मागे फिरला नाही, तर पट्ट्याने हळूच आत आणा आणि बक्षीस द्या. योग्य पातळीची खूण म्हणजे कान फडकतो, मान वळते, तो गळा खाजवतो. केकाटला, शेपूट पोटाशी गेली, तर पातळी जास्त आहे. काहीच झालं नाही तर आधी कॉलर घट्ट आहे का पाहा, मग पातळी एकाने वाढवा. हा क्रम उलटा करणारे बरेच असतात. सैल कॉलरवर पातळी ४ पर्यंत नेतात, नंतर कॉलर घट्ट होते आणि कुत्र्याला अचानक पूर्ण जोर बसतो.

प्रत्येक सत्राचा शेवट सीमेपासून लांब, घराजवळ, खेळाने करा.

*नऊ ते अकरा: मोह.* घरातलं कोणीतरी सीमेबाहेरून चालत जावं, हाक न मारता. मग चेंडू घेऊन. मग शेजाऱ्याचा कुत्रा. पट्टा तुमच्या हातात. कुत्रा थांबला की त्याला मिळणारं बक्षीस नेहमीच्या दुप्पट. खार आणि हरीण यांची तालीम घेता येत नाही, म्हणून बाकीचे मोह नीट करा.

*बारा ते चौदा: मोकळं, पण नजरेखाली.* आधी ३० फुटांची दोरी जमिनीवर घासत राहू द्या, मग तीही काढा. पहिल्यांदा १५ मिनिटं, मग अर्धा तास. तुम्ही अंगणातच, हातात फोन नको.

नंतर दर चार दिवसांनी एक सोडून एक झेंडा काढत जा. शेवटचा झेंडा जाईपर्यंत दोन-तीन आठवडे आणखी जातात, जाऊ द्या. घरात कोणी नसताना कुत्र्याला या कुंपणाच्या भरवशावर बाहेर सोडू नये, शिकल्यानंतरही. बॅटरी संपते, वायर तुटते, आणि कायोटी कॉलर घालत नाहीत.

फिरायला नेताना सीमा ओलांडायची तर एकच जागा ठरवा, बहुधा ड्राइव्हवे. कॉलर काढून घरात ठेवा, मग पट्टा लावा, आणि कुत्र्याला गाडीत बसवून किंवा उचलून बाहेर न्या. ३० किलोचा लॅब उचलवत नाही, तेव्हा गाडी. कॉलर काढली तरी त्याच्या मनात सीमा असते. त्याला चालवत नेऊन ती मोडू नका.

बिघडतं तेव्हा

*ट्रान्समीटर ओरडतोय.* लूप तुटला. आधी ट्रान्समीटरच्याच दोन टोकांना १५ फुटांची सुटी वायर लावा. आवाज थांबला तर यंत्र ठीक, दोष बाहेर आहे. मग एजर किंवा एरेटर (गवतात भोकं पाडायचं यंत्र) फिरलेली जागा, नवं झुडूप लावलेली जागा, ड्राइव्हवेच्या कडा आणि तुमचे जुने जोड पाहा. बहुतेक वेळा इथेच सापडतं. नाहीच सापडलं तर लूपचे अर्धे करा: एक अर्धा सुट्या वायरीने बदला, आवाज थांबला तर दोष त्या अर्ध्यात. त्याचा पुन्हा अर्धा. पाच-सहा फेऱ्यांत दहा-वीस फुटांवर येता.

*कुत्रा घराबाहेर पाऊलच टाकत नाही.* पातळी जास्त होती किंवा पहिले चार दिवस दोन दिवसांत उरकले. कॉलर काढा, आठवडाभर अंगणात फक्त खेळ आणि जेवण, मग बीपपासून पुन्हा सुरुवात. तरीही थरथरत असेल तर हा कुत्रा यासाठी नाही. लांब दोरी, दोन झाडांमधली तार किंवा मागे छोटा जाळीचा भाग करून द्या.

*सगळं ठीक होतं, अचानक बाहेर जायला लागला.* बॅटरी. जवळजवळ नेहमी बॅटरी. हुशार कुत्रे बीप येतो की नाही हे रोज चाचपून पाहतात. आठवड्यातून एकदा टेस्टरने तपासा, दिवस ठरवून.

*घरात बीप वाजतो.* पीळ सैल, नाहीतर भिंतीच्या फार जवळ वायर, नाहीतर केबलवर सिग्नल. क्षेत्राची रुंदी कमी करून पाहा, तात्पुरतं घरात कॉलर काढा.

महाराष्ट्रातल्या फार्महाऊसवाल्यांसाठी

ऑनलाइन या पेट्या भारतातही मिळतात आणि मुळशी, कर्जत, अलिबागकडच्या जागांवर लावायचा मोह होतो. तीन गोष्टी वेगळ्या आहेत. वीज जाते, म्हणून ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर हवा. गावातली भटकी कुत्री आत येतात आणि तुमचा कुत्रा सीमेमुळे पळू शकत नाही. आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. तिथे रात्री कुत्र्याला बंद, छत असलेल्या पिंजऱ्यात किंवा घरात ठेवावं लागतं. अदृश्य कुंपण तिथे उपयोगाचं नाही. एक कायद्याचं: १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे. पातळी ५ वर ठेवून कुत्र्याला सोडून देणाऱ्याने तो वाचावा.

नकाशा

काम झालं त्याच दिवशी, लक्षात आहे तोवर, वायरीचा नकाशा काढा. घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक वळणाचं अंतर फुटांत, प्रत्येक जोडाची जागा, पिळाची वायर कुठून निघते ते. त्याचा फोटो काढा आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रान्समीटरच्या मागे चिकटवा. तीन वर्षांनी स्प्रिंकलर बसवणारा माणूस फावडं हातात घेऊन विचारतो, ‘इथे खाली काही आहे का?’ तेव्हा तो कागद काढून द्यायचा.